दुसऱ्या कर्जतचं पाणी

महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. एक आमचं, रायगडातलं, लोणावळ्याच्या घाटाखाली, लोकलच्या नकाशाच्या टोकाला. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, भीमेच्या खोऱ्यातलं. पिनकोड नीट लिहिला तरी कुरिअरवाल्यांना कधीकधी दुसरंच आवडतं. माझा एक कीबोर्ड चार दिवस तिकडे मुक्कामाला होता. तिकडच्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा फोन आला, "सर, पत्ता सापडंना." मी म्हटलं, स्टेशनवरून रिक्षा कर, पंधरा मिनिटं लागतात. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, आमच्याकडं स्टेशनच नाही."

या दोन कर्जतांचा एकमेकांशी नावापलीकडे काही संबंध असेल असं मला वाटत नव्हतं. तो आहे, आणि आमच्या घरात गेलं वर्षभर जो वाद चालू आहे त्याच्या मुळाशी तोच आहे, हे मला नकाशे चाळताना कळलं. (ऑफिसात बिल्ड चालू असताना मी नकाशे चाळतो. बाकीचे शेअर बाजार बघतात.)

आंध्रा ही मावळातली एक लहान नदी. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला, आणि भीमा पूर्वेकडे वाहत सिद्धटेकच्या गणपतीपाशी जाते. सिद्धटेक त्या दुसऱ्या कर्जत तालुक्यात आहे. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस आपल्या मर्जीने वाहिला असता, तर त्या कर्जतच्या कडेने जाऊन पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात गेला असता. पण आंध्रेवर ठोकळवाडीला धरण आहे. टाटांनी तिथलं पाणी उलट्या दिशेला वळवलं, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला आणलं आणि पाइपांतून खाली भिवपुरीच्या वीजकेंद्रावर सोडलं. हे १९२२ सालचं काम. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीला असंच केंद्र सुरू झालं होतं. तिथे पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून खाली येतं. ही सगळी खटपट मुंबईच्या गिरण्यांसाठी होती.

वीज तारांवरून मुंबईला गेली. पाण्याचं काय? पाण्याचं काम झालेलं होतं, ते कुणाला नको होतं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत गेलं. भिवपुरीचं पाणी आमच्याकडे आलं, आणि त्यावर राजनाला हा कालवा निघाला. उरलेलं उल्हास नदीला मिळून बदलापूर, कल्याणकडे जातं. माझे काका डोंबिवलीला राहतात. नळ सोडला की त्यांच्या बादलीत पडणाऱ्या पाण्यात थोडं भिवपुरीचंही असणार. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तरीच येत नाही धड."

कोकणात भाताचं पीक एकदा. पावसाळा संपला की खाचरं तडकतात आणि जूनपर्यंत तशीच पडून राहतात. आमच्या पट्ट्यात मात्र जानेवारीत दुसरी लावणी होते आणि एप्रिलात, आजूबाजूचे डोंगर वणव्याने काळे पडलेले असताना, राजनाल्याच्या काठची शेतं पोपटी दिसतात. ट्रेकला येणारे लोक थांबून फोटो काढतात आणि खाली 'अनस्पॉइल्ड कोकण' असं लिहितात. ते हिरवं मुंबईच्या एसींचं सांडपाणी आहे, हे त्यांना कोण सांगणार? मला तर त्यात काही कमीपणाही वाटत नाही. शंभर वर्षं एखादी गोष्ट नेमाने येत राहिली की ती निसर्गातच जमा होते.

आमची या काठावर एक एकर जमीन आहे. ४० गुंठे, एकसलग, कच्च्या रस्त्याला लागून. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं शिफ्टमध्ये होते. फर्स्ट शिफ्ट करून आले की शेतावर, नाइट असली तर सकाळी झोपायच्या आधी शेतावर. खोपोलीची गाडी त्यांना तोंडपाठ: पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. या शाखेला रूळ एकच आहे. गाडी चुकली की पुढची कधी येईल याचा विचार करत फलाटावरच डबा उघडायचा. आता ते ६२ वर्षांचे आहेत आणि त्यांना ही जमीन विकायची आहे.

अशा लेखांमध्ये सहसा म्हातारा बाप मातीला धरून बसतो आणि इंजिनियर मुलगा विकायला निघतो. आमच्याकडे उलटं आहे. बाबांची वही असते, तीत ते हिशेब लिहितात. गेल्या उन्हाळी हंगामात १५ क्विंटल भात झालं. त्या वर्षीचा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये, म्हणजे ३४,५०० रुपये. त्यातून ट्रॅक्टरची चिखळणी, बियाणं, खत, लावणीची मजुरी, कापणी, मळणी वजा. उरलेला आकडा त्यांनी वहीत दोनदा अधोरेखित केला होता. तो होता ९,१५०. पेंढा वेगळा. आणि यात बाबांची स्वतःची मजुरी धरलेली नाही, ती धरली तर वही बंदच करावी लागेल.

पूर्वी लावणीला वरच्या वाडीतली ठाकर माणसं येत. आता त्यांतली बरीचशी फार्महाऊसांवर माळी किंवा वॉचमन आहेत. महिन्याचा पगार मिळतो, पाठ वाकवावी लागत नाही. त्यांनी का यावं? बाबांनाही हे पटतं, त्यांची कुरकूर नसते. ते फक्त म्हणतात, "माझे गुडघे मला सांगतायत, आणखी दोन वर्षं. मग तू करणार आहेस का?"

मी करणार नाही. मी आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीला जातो. कर्जतहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स हार्बर. मध्ये आता दिघा गाव नावाचं नवं स्टेशन झालंय, त्यामुळे एक थांबा वाढला. उरलेले दोन दिवस घरून काम. लावणीच्या दिवसांत बांधावर उभं राहून मीटिंग घेतली आहे, पलीकडचा मॅनेजर म्हणाला, "व्हॉट अ बॅकग्राउंड." त्याला वाटलं चित्र लावलंय.

सकाळच्या गाडीत, आमच्या डब्यात, नेरळ येईपर्यंत प्रत्येक माणूस जमिनीचा दलाल असतो. भजनवाल्यांचा गट झांजा काढायच्या आत दोन गुंठ्यांचा सौदा तोंडी झालेला असतो. टाळेबंदीनंतर हे फार वाढलं. घरून काम करता येतं हे कळल्यावर मुंबई-पुण्याच्या लोकांना आमचा तालुका दिसायला लागला. त्यात पनवेल-कर्जत लोकलचं काम आलं. २९.६ किलोमीटरचा मार्ग, वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा, मध्ये चिखले, मोहोपे, चौक अशी स्टेशनं. डिसेंबर २०२५ पर्यंत गाडी धावेल असं सांगत होते. प्लॉटच्या जाहिरातींमध्ये ती कधीचीच धावते आहे.

आमच्याकडे जो प्लॉटिंगवाला आला, तो पांढऱ्या क्रेटामधून उतरला आणि आधी नाल्याचे फोटो काढले. त्याने सांगितलेला आकडा बाबांच्या ३१ वर्षांच्या एकूण पगाराच्या आसपास जात होता. आईने चहात साखर घातली की नाही हे ती विसरली, त्यामुळे दोनदा घातली. त्याने तो तसाच पिऊन टाकला. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी लागतो, हे बाबांनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब शेतकरीच आहेत. साताऱ्याला सातबारा आहे. राहतात पवईला."

कागदपत्रं बघण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात 'कंप्युटरचं' जे काही असतं ते माझं. सातबारा ऑनलाइन निघतो, फेरफारांसाठी मात्र तहसील कार्यालयात जावं लागलं. तिथे मला कळलं की ही 'वाडवडिलांची' जमीन आमच्या मालकीची होऊन फार दिवस झालेले नाहीत. पणजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी कायद्याने कुळं मालक मानली गेली, मग किंमत ठरली, हप्ते भरले, प्रमाणपत्र मिळालं. त्याआधी ते दुसऱ्याची जमीन कसत होते आणि दुसऱ्या नदीचं पाणी पाजत होते. बाबांना हे नवीन नव्हतं. मला होतं.

कुळकायद्याची जमीन पूर्वी परवानगीशिवाय विकता येत नसे. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. आता प्रमाणपत्राला दहा वर्षं उलटून गेली असतील तर जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम सरकारजमा केली की रस्ता मोकळा. आमच्या उताऱ्यावर आकार आहे ६ रुपये ४० पैसे. त्याची ४० पट २५६ रुपये. पणजोबांचं कूळपण संपवायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात ऐरोलीच्या फूडकोर्टात जेमतेम एक थाळी येते. मी हे जेवताना सांगितलं, कुणी हसलं नाही.

उताऱ्यावर नावं मात्र चार: बाबा, काका, मोठी आत्या, धाकटी आत्या. प्रत्येकी दहा गुंठे धरा. मोठी आत्या अंबरनाथला असते, तिने हक्कसोडपत्रावर सही करून टाकली, वर भावांसाठी पेढे पाठवले. आमच्याकडे बहिणींनी अशीच सही करायची असते. न करणारी बहीण माहेर तोडते असं समजतात. कायद्याने मुलीचा हक्क कधीच मान्य केला आहे, पण गावात कायद्यापेक्षा दिवाळीच्या साडीला जास्त वजन आहे. काकांना विकायचंच आहे, त्यांना डोंबिवलीतलं घर मोठं करायचंय.

धाकटी आत्या सही करत नाही.

ती खालापूर तालुक्यात, चौकच्या पुढे दिलेली. तिच्या सासऱ्यांची जमीन एक्सप्रेसवेला गेली. २००२ मध्ये तो पुरा झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आत्याकडे गेलं की पुलाच्या कठड्याला टेकून खाली धावणाऱ्या गाड्या मोजायच्या, हा आमचा खेळ. भरपाईचे पैसे आले, त्यांतून एक जीप झाली, एका नणंदेचं लग्न झालं, आणि ते संपले. जीपही पुढे गेली. आतेभावाकडे आता मोटरसायकल आहे. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे आजोबांच्या भाताच्या खाचरावरून जो रस्ता गेला त्यावर नातवाला चाक टेकवता येत नाही. तो जुन्या हायवेने फिरून जातो.

बाबांना वाटलं तिला जास्त पैसे हवेत. काकांना वाटलं तिच्या मुलाने कान भरले. दोघांनी मला पाठवलं, कारण मी तिचा लाडका आणि माझ्यावर ती ओरडणार नाही असा अंदाज. तिच्या दारातून इर्शाळगड समोर दिसतो, सुळक्यातलं नेढं उघड्या डोळ्यांनी दिसावं इतका. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पोटाशी असलेली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, अवजड यंत्रं चढवता आली नाहीत. माणसं निसरड्या पायवाटेने चढून कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी चिखल उपसत होती. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं सापडलीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच सांगितलं.

आत्याचं घर यादीत आहे की नाही हे तिने विचारलेलं नाही. तिच्या घरामागे उतार आहे, पन्नास-साठ पावलांवर सुरू होतो. "चांगला पाऊस लागला की मी झोपत नाही," ती म्हणाली. "हे झोपतात. मी बसते. माती वाजते का ते ऐकत." तिच्या उशाशी एक पिशवी असते, बॅटरी, औषधं, आधारकार्डं आणि रेशनकार्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. पाऊस संपला तरी ती रिकामी करत नाही.

"मला पैसे नकोत रे. पैसे मी बघितलेत. मला माझे दहा गुंठे मोजून द्या. तिथे सपाट आहे. मागे डोंगर नाही. दोन खोल्या बांधीन आणि जुलै-ऑगस्ट तिकडे झोपीन. बाकीचे महिने तुम्ही भात लावा नाहीतर गोट्या खेळा."

मी म्हटलं, आत्या, दहा गुंठे काढले तर तो घेणार नाही, त्याला एकसलग हवी आहे. ती म्हणाली, "मग नको घेऊ दे. त्याला मी बोलावलं होतं का?"

हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाय मला कधी बोलली नाही, रात्री झोपत नाही म्हणून." आई म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" काकांचं उत्तर फोनवर आलं. त्यांनी तिला अंबरनाथला भाड्याने खोली घेऊन देण्याची तयारी दाखवली, जुलै-ऑगस्टपुरती. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना गणित लवकर सुटतं एवढंच.

राजकारणाबद्दल काही लिहायचं नव्हतं, पण पाण्याचा विषय निघाला की ते येतंच. आमचा तालुका मावळ लोकसभा मतदारसंघात येतो, जो घाटाच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे पसरलेला आहे. ठोकळवाडीचं धरण आणि भिवपुरीचं वीजकेंद्र, पाइपाची दोन्ही टोकं, एकाच खासदाराला मत देतात. पण त्याच मतदारसंघात पनवेल, पिंपरी आणि चिंचवडही आहेत, त्यामुळे प्रचाराला आमच्याकडे येणारी गाडी लवकर परतते. पश्चिमेला वळवलेलं हे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यात सोडा, अशी मागणी पुणे-सोलापूरकडून अधूनमधून होते. मी दुसऱ्या कर्जतचा असतो तर मोर्चात पुढे असतो. टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला, 'तुझं पाणी रायगडात दुबार भात पिकवतं आणि मग समुद्राला मिळतं' हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि ते पाणी थांबलं तर आमच्या एप्रिलचं काय, हेही मला त्याच तोंडाने विचारावं लागेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये भिवपुरीला एक हजार मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पाचा करार झाला. म्हणजे विजेची मागणी कमी असेल तेव्हा खालचं पाणी पंपाने परत वर चढवायचं आणि मागणी वाढली की पुन्हा खाली सोडायचं. एक प्रचंड बॅटरीच. मी बाबांना उत्साहाने समजावलं, सौर वीज दिवसा जास्त असते, साठवायला जागा लागते वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाली आलेलं पाणी परत वर?" हो. "मग नाल्याला काय?" मी म्हटलं, ते पाणी दोन तलावांमध्येच फिरत राहील, नाल्याचं वेगळं. त्यांनी मान हलवली. पण नंतर प्लॉटिंगवाल्याला फोन करून व्यवहाराची घाई करायला सांगताना मी त्यांना ऐकलं. शेतकरी माणूस पाण्याबद्दलच्या आश्वासनावर किती विश्वास ठेवतो, हे त्या एका फोनवरून मोजता येईल.

नेरळला हुतात्मा चौक आहे. १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. शाळेत दरवर्षी २ जानेवारीला भाषण असायचं. मी एकदा केलंय, पाठ करून. तेव्हा मनोरा पाडणं म्हणजे इंग्रजांचं नुकसान एवढंच डोक्यात होतं. आपल्या शेतावरून जाणारी गोष्ट आपल्याला न विचारता जाते, हे त्या पोरांना रोज दिसत असणार, हा विचार मला परवा पुलावर आला. खाली एक्सप्रेसवेच्या गाड्या होत्या. मोजल्या नाहीत.

फेब्रुवारीत बाबांनी आत्याला स्वतः फोन केला. मी शेजारीच लॅपटॉप घेऊन बसलो होतो, दोन्ही बाजू ऐकू येत होत्या, कारण बाबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

"बाय, दहा गुंठे कुठले पाहिजेत तुला?"

"रस्त्याकडचे."

"रस्त्याकडचे दिले तर मागच्याला वाट कुठून?"

"वाट मी देईन. दादा, मी काय भिंत घालणार आहे का?"

"लिहून देशील?"

"तू मला लिहून दे आधी."

मग दोघं हसले, आणि लगेच पुन्हा भांडायला लागले. या वेळी बांधावरच्या आंब्यावरून. तो कुणाच्या दहा गुंठ्यांत येतो, हा प्रश्न आहे. आंबा रायवळ आहे, आंबट, लोणच्याशिवाय कशाला उपयोगी नाही, पण दोघंही त्यावरून पडलेले आहेत.

प्लॉटिंगवाला तीस गुंठ्यांचा आकडा द्यायला तयार झालाय, पूर्वीच्या पाऊणपटही नाही, कारण रस्त्याकडची बाजू गेली. काका रागावले आहेत. बाबा म्हणतात, हे पीक निघू दे मग बघू. त्यांनी या वेळी कर्जत-३ लावलंय, इथल्याच भात संशोधन केंद्राचं वाण. ते केंद्र १९१९ पासून आहे, आणि त्याच्या वाणांमुळे आमच्या गावाचं नाव कोकणभर बियाण्याच्या पोत्यांवर फिरतं. हळवं पीक, लवकर तयार होतं.

पोटहिश्श्याच्या मोजणीचा अर्ज मी ऑनलाइन भरला. फी भरली, तारीख मिळाली, मेचा तिसरा आठवडा. चारही हिस्सेदारांना नोटिसा गेल्या. तीन पोचल्या. आत्याची परत आली, पत्ता अपुरा म्हणून. ती मी रविवारी मोटरसायकलवरून, जुन्या हायवेने, हातोहात देऊन आलो. तिने ती वाचली, घडी घातली, आणि उशाच्या पिशवीत ठेवली.